सोळाव्या सोमवारी अडकलेलं स्टेअरिंग

खोटं कशाला बोलू, त्या सकाळी माझा देवावर फारसा विश्वास उरला नव्हता. पंधरा सोमवार झाले होते. पंधराही सोमवार कडक उपास केला, पंचामृत घातलं, पोथी वाचली, आणि यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. दोन वर्षांपूर्वी यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, तिच्याबरोबर वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं परत येईल की नाही सांगता येत नाही, आणि आपण बोलतो ते यांना कितपत समजतं, तेही सांगता येत नाही. सुरुवातीचे काही महिने मी विचारून विचारून थकले. "पाणी हवंय का? हवं असेल तर मान हलवा." मान कधी हलायची, कधी नाही, आणि कधी नुकतंच पोटभर पाणी पिऊन झाल्यावर हलायची. मग मी यांना विचारणं सोडलं आणि देवाकडे मागणं धरलं. फार काही मागत नव्हते. यांना वाचा दे, एवढंच.

मी जव्हारची. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवलं. "नीट ऐका" हे वाक्य दिवसातून शंभरदा तरी ओरडले असेन. हे तहसील कचेरीत कारकून होते, पण जीव सगळा पान्या-पकडींत. निवृत्तीच्या आधी यांनी डहाणूकडच्या एका चिकूवाडीतून एक जुनी घरगाडी उचलून आणली. मुंबईच्या कुणा हौशी माणसानं चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी ती बांधून घेतली होती. आत झोपायला फळी, गॅसची शेगडी, हात धुवायचं भांडं, घडीचं टेबल, असा चाकांवरचा संसार. आणली तेव्हा त्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. शेजारी हसले, मी तर भांडलेच. पण हे तीन वर्षं रोज संध्याकाळी तिच्याखाली आडवे व्हायचे, आणि एक दिवस ती गुरगुरली आणि अंगणातून बाहेर पडली. त्या गाडीतून आम्ही दोघं खूप हिंडलो. झोपेत कुणी पडू नये म्हणून फळीच्या कडेला यांनी स्वतः एक स्टीलची दांडी जोडली होती. पुढे त्या दांडीची गरज यांनाच लागेल असं कुणाला वाटलं होतं!

झटक्यानंतर यांना बसून प्रवास जमेना. मग एकोणसाठाव्या वर्षी मी गाडी शिकले. आमच्या गल्लीत 'बुढी घोडी लाल लगाम' म्हणून झालं. मी म्हटलं, म्हणू देत, लगाम माझ्या हातात आहे ना! नाशिकला डॉक्टरांकडे यांना आडवं निजवून मीच नेऊ लागले. एरवी गाडी अंगणात फणसाखाली उभी असायची आणि हे दिवसभर त्या फळीवर पडून उघड्या दारातून रस्ता बघायचे. घरातल्या पलंगावर ठेवलं तर जेवत नसत. म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी देवही गाडीत आणला. स्टेअरिंगच्या पुढ्यात, काचेखाली, छोट्या ताम्हनात तांब्याची पिंड ठेवली. रोज तांब्याभर पाणी, सोमवारी पंचामृत. यांच्या डोळ्यांसमोर पूजा झाली तर गुण लवकर येईल, असा माझा हिशोब.

मी पाणी घालायला लागले की हे डाव्या हाताच्या अंगठीनं त्या दांडीवर टकटक करायचे. तीर्थ मागतात म्हणून मी लगेच पळीभर तीर्थ त्यांच्या हातावर द्यायचे. कधी पीत, बहुतेक वेळा हात झटकून टाकत. चादरीवर, कधी माझ्या तोंडावरही उडायचं. वाईट वाटायचं. पण आजारी माणूस, त्याला काय कळतंय, असं म्हणून मी पुसून टाकायचे.

मुलगा कल्याणला असतो. त्याचं म्हणणं, आई, तू एकटी किती ओढणार, इकडे या, चौथा मजला आहे पण लिफ्ट आहे. त्याचं चूक नव्हतं. गेल्या महिन्या-दीड महिन्यात स्टेअरिंग मला फार जड जाऊ लागलं होतं. वळणावर दोन्ही हातांनी ओढावं लागायचं, रात्री खांदे ठणकायचे. वय झालं, दुसरं काय. हातांत बळ दे म्हणून मी देवाला दुधाची वाटीही वाढवली. शेवटी मीही थकले आणि मुलाला हो म्हटलं. सोळावा सोमवार त्र्यंबकला जाऊन करायचा, तिथेच उद्यापन करायचं आणि परत आलं की बुधवारी गाडी भंगारवाल्याला द्यायची. यांच्यासमोरच फोनवर हे सगळं ठरलं. यांना विचारलं नाही. विचारून उत्तर कोण देणार होतं? हे छताकडे बघत होते आणि दांडीवर टकटक करत होते. मी म्हटलं, थांबा हो, देते तीर्थ.

कार्तिकातला तो सोमवार. पहाटे मी नेहमीपेक्षा मोठा अभिषेक केला, शेवटचा म्हणून. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं हात सैल सोडून घातलं. मोखाडा मागे पडला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. भात कापून झालं होतं आणि उतारांवर खुरासणी पिवळी फुलली होती. स्टेअरिंग त्या दिवशी इतकं जड होतं की माझे दात आवळले जात होते. तोरंगणचा घाट सुरू व्हायला दोन वळणं राहिली असतील. डावीकडचं वळण आलं, मी ओढून ओढून चाक वळवलं, वळण संपलं, आणि चाक परत येईना.

येईना म्हणजे येईनाच. मी अंगाचा भार टाकला, लोंबकळले, पण चाक जागचं हललं नाही. गाडी आपली डावीकडे चालली. मी ब्रेकवर उभी राहिले. पुढचं चाक चरात उतरलं, मागे भांडी आदळली आणि एका मोहाच्या झाडापासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. सगळं इतक्या पटकन झालं की ओरडायलाही सुचलं नाही. मागे वळून पाहिलं तर हे दांडीला धरून होते, डोळे टक्क उघडे. यांना काही लागलं नव्हतं. मी खाली उतरले आणि समोर बघितलं. ही जागा सपाट होती. हेच दोन वळणांनंतर झालं असतं, तर पुढे मोहाचं झाड नव्हतं, काहीच नव्हतं.

मोबाइलला रेंज नव्हती. प्रवाशांनी भरलेली एक वडाप जीप थांबली. तिचा ड्रायव्हर बिचारा चांगल्या मनानं आला. दोन्ही पाय खाली रोवून त्यानं स्टेअरिंगला हिसडे दिले, मग जॅकचा दांडा घेऊन स्टेअरिंगच्या शाफ्टवर, म्हणजे खाली जाणाऱ्या दांड्यावर, दोन घाव घातले. त्याबरोबर मागून यांनी दांडी अशी काही वाजवायला सुरुवात केली की जीपमधली माणसं माना बाहेर काढून बघू लागली.

"मावशी, हा शाफ्ट पार धरलाय. कापूनच काढायला लागंल," तो म्हणाला. "भंगारातच जायाची गाडी आहे ही."

जीपमधून हाका यायला लागल्या, तो निघून गेला. हे टकटक करतच होते. आणि मी काय करावं? लाज वाटते सांगायला, पण मी तशा अवस्थेत ताम्हनातलं तीर्थ पळीत घेतलं आणि यांच्या हातावर घातलं. यांनी ते सरळ माझ्या अंगावर फेकलं. तेव्हा मात्र माझा बांध फुटला. मी पिंडीकडे बघून मोठमोठ्यानं देवाला बोलले. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटचं एवढंच आठवतं, की सोळा सोमवार तुला न्हाऊ घातलं आणि तू मला हे दिलंस?

"काय झाला, बाय?"

मागे एक म्हातारासा माणूस उभा होता. अंगावर भाताचा कोंडा, डोक्याला फडकं, केस-भुवया सगळं पिठूळ. रस्त्याच्या पलीकडे थोडं आत भाताची गिरणी होती, तो तिथला. लाईट गेली म्हणून गिरणी बंद पडली होती आणि हा बाहेर येऊन विडी ओढत बसला होता. बंद पडली म्हणूनच त्याला माझं ओरडणं ऐकू आलं. चालू असती तर जवळ बॉम्ब फुटला तरी कळत नाही, असं तोच नंतर म्हणाला.

मी त्याला सगळं सांगायला लागले. तेवढ्यात आतून परत टकटक सुरू झालं. मी सवयीनं म्हटलं, "थांबा हं भाऊ, यांना तीर्थ हवंय," आणि वळले.

"बाय, थांब." त्यानं हात वर केला आणि कान दिला. पस्तीस वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही पोरानं असा कान दिला नव्हता. "पानी नाय मांगत तो. मांगणारा असा ठोकं नाय. हा काहीतरी थांबवतोय."

मी म्हटलं, त्यांना बोलता येत नाही, समजतही नाही फारसं.

"त्याला काय झाला? मी भिवंडीला लूमवर बारा साल काढला, आता इठं गिरणीत हाय. मशीन चालू झाली का कोन कोनाचा ऐकं नाय. आमी ठोकूनच बोलतो." तो आत चढला, यांच्या फळीपाशी उकिडवा बसला आणि यांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "बाबा, एक ठोकला तर हां. दोन ठोकला तर नाय. कळला?"

टक.

एकच. मी दारात उभी होते.

"चाकात बिघाड हाय?"

टक टक.

"मंग वरती? दांड्यात?"

टक.

"दांड्यात काय गेला? माती?" टक टक. "पानी?"

टक. आणि मग यांनी डावा हात उचलला आणि बोट केलं. माझ्याकडे नाही. काचेखालच्या पिंडीकडे केलं, आणि तिथून हळूहळू खाली आणलं, स्टेअरिंगच्या दांड्यावरून, जमिनीपर्यंत.

तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. ताम्हनाच्या कडेपासून दांड्यापर्यंत दुधाचे पांढरे वाळलेले ओघळ होते. एकावर एक, कितीतरी थरांचे. मी रोज ती जागा बघत होते, रोज तिला नमस्कार करत होते आणि ते ओघळ मला कधी दिसले नव्हते. अंगणात गाडी जरा उतरती उभी राहते, ताम्हन भरलं की पाणी त्या बाजूला वाहतं. फडक्यानं वरवर पुसलं की माझं काम झालं. दांड्यावरून किती उतरलं ते मी बघितलं नाही. बघणारा माणूस मागे फळीवर पडलेला होता आणि जीव तोडून दांडी वाजवत होता.

मी मटकन पायरीवर बसले. आठ महिने. रोज. मी तांब्या उचलला की टकटक. हे सांगत होते, अगं, घालू नकोस, गंजेल. आणि मी काय करत होते? जे पाणी नको म्हणून हे ओरडत होते, तेच पळीत घेऊन यांच्या हातावर ओतत होते. हे झटकत होते आणि मी चादर पुसत होते. स्टेअरिंग जड झालं तशी मी दुधाची वाटी वाढवली. देवा रे! जी बाई आयुष्यभर दुसऱ्यांना 'नीट ऐका' म्हणून ओरडली, तिच्या घरात एक माणूस आठ महिने एकच वाक्य बोलत होता.

त्या माणसानं मला समजावलं नाही की तो हसलाही नाही. फळीखाली यांची हत्यारांची पेटी होती, दोन वर्षं कुणी न उघडलेली. त्यानं आधी यांना विचारलं, "पाने घेऊ, बाबा?" टक झाल्यावरच पेटीला हात लावला. मग गाडीखाली शिरून शाफ्टचा खालचा जोड सोडवला, जॅक लावून चाकं हातानं फिरवून पाहिली. मोकळी होती. "बाबा बरोबर सांगतो," तो खालूनच ओरडला. दांडा जिथे गाडीच्या तळातून खाली जातो तिथे धूळ जाऊ नये म्हणून रबराची टोपी असते. ती टोपी वाटीसारखी होऊन बसली होती. त्यानं ती खाली ओढली आणि काळपट, चिकट, आंबूस लगदा बाहेर आला. त्यात बेलाची पानं होती, अक्षता होत्या, हळद-कुंकू होतं. आठ महिन्यांची माझी सगळी भक्ती त्या वाटीत कुजत होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फडकं घेऊन पुढे गेले, पुसून चरात टाकावं म्हणून. तर त्यानं मला अडवलं. "असा नको टाकू, बाय. देवाचा हाय." पळसाची दोन पानं तोडून आणली, त्यावर तो लगदा हातानं काढून घेतला, मोहाच्या बुंध्याशी नेऊन ठेवला आणि हात जोडले. ज्याला मी घाण म्हणत होते, त्याला तो निर्माल्य समजत होता. मी रडले ती तेव्हा. त्याआधी नुसती थिजले होते.

मग काम सुरू झालं. आमच्याच शेगडीवर त्यानं पाणी उकळत ठेवलं. "साखर-मध गेलाय ना आत? त्यो गरम पान्यानंच सुटंल. हातोडीनं नाय." कडकडीत पाण्यात फडकी भिजवून त्यानं दांड्याला खालून वरून गुंडाळली, पाणी धारेनं आत सोडलं. पिवळं, गोड वासाचं पाणी ठिबकत राहिलं. मग घरी जाऊन तो मोहट्याचं तेल घेऊन आला. आमच्या भागात मोहाच्या बियांचं तेल घराघरांत निघतं. ते कोमट करून त्यानं फटीत सोडलं आणि चक्क पाय पसरून विडी पेटवली. मी विचारलं, आता काय? म्हणाला, "आता बसायचा. तेल आपल्या चालीनं जातं. आपल्या चालीनं नाय."

अर्धा-पाऊण तास आम्ही नुसते बसलो. मला नुसतं बसणं कधी जमलेलं नाही. उपास, जप, पारायण, अभिषेक, मी देवापुढेही सतत काहीतरी करतच असते. वाटलं, गेली दोन वर्षं मी देवाकडे गेले ती हातात घण घेऊन गेले. दे म्हणजे दे. आणि यांच्याकडे तर गेलेच नाही. यांना धुतलं, पुसलं, भरवलं, औषधं दिली, यांचं सगळं ठरवलं. यांच्यापाशी असं उकिडवं बसून, डोळ्यांत बघून, 'काय झालं?' असं शेवटचं कधी विचारलं, ते मला आठवेना.

"चल बाय, चाक धर," तो म्हणाला. "जोर नाय करायचा. ज्या अंगाला जातं, त्या अंगाला आधी जाऊ द्यायचा. मंग हळूच परत आणायचा." मी आवळून धरलं तर त्यानं माझ्या मनगटावर चापट मारली, मी वर्गात मुलांना मारायचे तशी. चाक जिकडे वळून अडकलं होतं तिकडेच मी आणखी जरासं ढकललं. मला वेड्यासारखं वाटत होतं, परत उजवीकडे आणायचं तर डावीकडे का ढकलायचं? पण तिळाएवढं हललं. हललं तोच मागून टक टक. मी थांबले. त्यानं खालून तेल सोडलं. टक. मी परत हलवलं. टक टक. थांबले. दोन वर्षांनी हे आपली गाडी दुरुस्त करत होते. फळीवर आडवे, तोंडून लाळ गळत होती, कपाळावर घाम होता, आणि अंगठीनं आम्हा दोघांना हुकूम सोडत होते. चेहऱ्यावर तोच जुना वैताग होता, मी चुकीचा पाना हातात दिला की दिसायचा तो. त्या वैतागाला मी किती पारखी झाले होते, ते तेव्हा कळलं.

किती वेळ गेला कोण जाणे. एकदा कर्रर्र आवाज झाला, दांडा थरथरला आणि चाक माझ्या हातात असं सहज फिरलं की मी बाजूला कलंडलेच. खालून तो ओरडला. मागून एक टक आली, जोरात. त्यानं खालचा जोड परत आवळला, चरातल्या चाकाखाली दगड टाकले आणि मी गाडी मागे घेत रस्त्यावर आणली.

मी हात पुसले आणि यांच्यापाशी उकिडवी बसले. गुडघे दुखतात, पण बसले. विचारलं, "मी पाणी घालायचे तेव्हा तुम्ही हेच सांगत होता?"

टक.

"बुधवारी गाडी भंगारात द्यायची का?"

टक टक. थांबून परत टक टक.

"कल्याणला जायचं?"

टक टक.

"आता त्र्यंबकला जायचं?" नवस होता, सोळावा सोमवार होता, देव पलीकडे वाट बघत होता. यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टक टक. गिरणीवाल्याला विचारलं तर तोही म्हणाला, दांडा ज्यात फिरतो ते आतलं बुश खाल्लं गेलंय, सपाटीवरनं हळूहळू घरी जा, घाटात नको. हा आत्ता बोलला, हे मघाशीच बोलले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाचं ठरलेलं काम अर्ध्यावर सोडलं. मनाला इतकं हलकं वाटेल असं वाटलं नव्हतं.

उद्यापनाचा चुरमा डब्यात होता. त्याचे तीन भाग करतात, एक देवाचा, एक दुसऱ्यांचा, एक आपला. देवाचा भाग मोहाच्या बुंध्याशी पळसपानावर ठेवला. गिरणीवाल्याची बायको टोपलीभर तांदूळ पाखडता पाखडता उठून आली. दुसरा भाग त्या दोघांनी खाल्ला. तिसरा मी यांना भरवला, आणि "आणखी हवा?" असं विचारून भरवला. तेवढ्यात लाईट आली, गिरणी धडधडायला लागली आणि तो माणूस धड निरोपही न घेता पळाला. मी मागून काय ओरडले ते त्याला ऐकू गेलं नसणार. म्हणून मी गाडीच्या पत्र्यावर एक टक दिली.

हे सांगितलं की लोक विचारतात, नंतर तो माणूस सापडलाच नसेल ना? सापडला की. महिन्याभरानं नवं बुश घेऊन गेलो तर तिथेच होता, लाईटीच्या नावानं बोटं मोडत. देव आला होता असं मी म्हणत नाही. लाईट नेमकी तेव्हाच का गेली, मोहाचं झाड नेमकं तिथेच का होतं, असले प्रश्न मी स्वतःला घालत नाही. डॉक्टर म्हणाले, समज अशी हळूहळू परत येते, तुमच्या लक्षात आलं नसेल. असेलही. मला एवढंच ठाऊक आहे, की मी देवाकडे यांच्यासाठी वाचा मागितली आणि त्यानं मला कान दिले. मागितलं ते मिळालं नाही, आणि जे मिळालं ते मागायची मला अक्कल नव्हती. त्या वीतभर अंतरासाठी, त्या गिरणीच्या बंद पडण्यासाठी आणि माझ्या मनगटावरच्या त्या चापटीसाठी मी जन्मभर ऋणी राहीन. देवावर सोडायचं म्हणजे हातपाय गाळून बसायचं, असं मला वाटायचं. आता वाटतं, आपली मूठ जराशी सैल करायची आणि दुसरी बाजू काय म्हणते ते ऐकायचं.

गाडी अंगणातच आहे. भंगारवाल्याला नाही सांगितलं, मुलगा चार दिवस रुसला, मग येऊन बापाशी तासभर टकटक करत बसला. पिंड आता फणसाच्या बुंध्याशी असते, यांना फळीवरून दिसेल अशी. पाणी झाडाला जातं.

त्या घटनेनंतरच्या पहिल्याच सोमवारी पूजा झाल्यावर मी यांच्यापाशी जाऊन बसले आणि मनातलं विचारून टाकलं. "आठ महिने ऐकलं नाही तुमचं. रागावलात माझ्यावर?"

टक.

खोटं बोलायचा यांचा स्वभाव कधीच नव्हता. मी मान खाली घातली. थोड्या वेळानं पाहिलं तर यांनी डावा हात पुढे केला होता. पळी माझ्या हातातच होती, पण मी घाई केली नाही.

"तीर्थ हवंय?"

टक.

मी पळीभर तीर्थ दिलं. यांनी ते प्यायलं आणि ओला हात माझ्या डोक्यावर पुसला.